गुरूला गुरुबळ कोणाचे?

गेल्या दिवाळीत आमच्या हसनाबादच्या घरी नात्यातले एक गृहस्थ फराळाला आले होते. येताना एक स्थळही घेऊन आले होते. माझी पुतणी पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. झाली आहे. कोवळ्या ताऱ्यांभोवती वायूची जी चकती फिरते, जिच्यातून ग्रह घडतात, तिचा अभ्यास करायचे तिच्या मनात आहे. गृहस्थ चकली मोडत म्हणाले, "त्या वायूशी आपल्याला काय करायचंय? भिकेचे डोहाळे!" आणि लगेच, "हिला यंदा गुरुबळ आहे ना?"

म्हणजे गुरूने पोरीच्या लग्नाचा निकाल द्यावा. पण तो गुरू आला कोठून, हे पोरीने विचारू नये!

अहो, गुरूलाही मुहूर्त गाठावा लागला. तो बहुतांशी हायड्रोजन आणि हेलियम. चकतीतला वायू साधारण एक कोटी वर्षांच्या आत नाहीसा होतो. तेवढ्यात तो गोळा करता आला तर गुरू, नाही तर नुसता गोटा.

अंगणात भुईचक्र फिरते तेव्हा नजर ठिणग्यांवरच खिळते. २०१४ साली चिलीतील अल्मा दुर्बिणीने एच. एल. टॉरी या ताऱ्याभोवतीची कडी दाखवली, तेव्हा असेच झाले. ती कडी धुळीची. धूळ शंभरात एखादा भाग, बाकी सारा वायू. आणि धुळीला नाचवणारा तोच! वायूला स्वतःच्या दाबाचा थोडा आधार असतो, म्हणून तो किंचित सावकाश फिरतो. खड्यांना त्याचा समोरून वारा लागतो व ते ताऱ्याकडे घसरतात. वाटेत कोठे वायूचा दाब वाढलेला असला, तर तेथे अडकून साचतात.

थंड हायड्रोजन जवळजवळ मुका. म्हणून त्यात मिसळलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या १.३ मिलिमीटरच्या लहरी टिपायच्या. रेल्वे फाटकावर येत्या गाडीची शिट्टी चढी, जात्या गाडीची उतरती लागते. त्याच न्यायाने वायूचा वेग कळतो. २०१८ साली एच. डी. १६३२९६ या ताऱ्याभोवतीच्या वायूच्या चालीत एक बाक आढळला, आणि न दिसणाऱ्या ग्रहाचा सुगावा लागला.

"आधी पाण्याचं बघा," गृहस्थ म्हणाले. जरूर बघावे. पण पोरीने पुस्तक मिटल्याने कोणत्या विहिरीला पाझर फुटणार आहे? गंमत अशी की, या लहरी हवेतले बाष्प गिळते, म्हणून अल्मा सुमारे ५००० मीटर उंचीवरच्या वाळवंटात आहे. आमचा दुष्काळही तिला पुरेसा कोरडा नाही! नारायणगावजवळ खोडदला आपल्या ३० प्रचंड तबकड्या आहेत, परंतु त्या लांब लहरींसाठी. मात्र अल्माची निरीक्षणे काही काळाने सर्वांना खुली होतात. ती तपासायला चिलीत जन्मावे लागत नाही.

नोकरीचे काय, हा त्यांचा प्रश्न मात्र खरा. जागा थोड्या आहेत. तसे मी पुतणीला सांगितले. ती म्हणाली, "काका, एम. एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरायचाय."

पाडव्याला तिने ओवाळले तेव्हा तबकात मी त्या फॉर्मची फी टाकली. गृहस्थ पंचांग चाळत होते.