पाऊण तासाचे नाटक

गेल्या शनिवारी धारवाडात नव्या लेखकांच्या तीन एकांकिकांचे प्रयोग झाले, आणि ते आटोपल्यावर समारोपाच्या भाषणात, वयाने व मानाने वडील असलेल्या एका पाहुण्यांनी, त्या लेखकांतील सर्वांत तरुण मुलाच्या पाठीवर हात ठेवून, सभेसमक्ष, "आता एखादे पूर्ण नाटक लिही" अशी आज्ञावजा शिफारस केली. तेव्हापासून मनाला लागलेली टोचणी हा मजकूर छापखान्याकडे रवाना होईपर्यंत तरी कमी होईल असे दिसत नाही. पाहुण्यांचा हेतू निर्मळ होता, स्वर वात्सल्याचा होता, आणि मुलानेही त्यांच्या पायांना हात लावून तो उपदेश स्वीकारला. पण जे नाटक आम्ही सर्वांनी थोड्याच वेळापूर्वी आदिपासून अंतापर्यंत पाहिले होते, आणि ज्यातले एक वाक्य काढावे किंवा ज्यात एक घालावे असे मला तरी कोठे वाटले नव्हते, ते अपुरे आहे असा फैसला त्या शिफारशीतून आपोआप जाहीर झाला आणि टाळ्यांच्या गजरात मंजूरही झाला, याचे मला अतिशय वाईट वाटले.

तिन्हींपैकी दोन एकांकिका कन्नड होत्या आणि ही एक मराठी. स्थळ हुबळीचे रेल्वे स्थानक; मार्च २०२३ मध्ये उद्घाटन झालेला, १,५०७ मीटर लांबीचा, जगातील सर्वांत लांब म्हणून गणला जाणारा तेथील फलाट. रंगमंचाच्या एका टोकाला बाकावर आई बसलेली आहे आणि तिच्याजवळ बाकावरच जेवणाचा डबा आहे; दुसऱ्या टोकाला खांबाच्या आडोशाने मुलगा उभा आहे; मध्ये दहा-बारा पावलांची रिकामी जागा, आणि तेवढ्या जागेत लेखकाने दीड किलोमीटरचे अंतर उभे केले. मुलगा पुष्कळ वर्षांनी गावी आला आहे, गाडीतून उतरून त्याला बराच वेळ झाला आहे, आई त्याला दिसते आहे, परंतु पुढे जाण्याचे धैर्य होत नाही म्हणून तो फोनवर तिला सांगतो की गाडी अजून अळणावरलाच उभी आहे. काही वेळाने धारवाड सुटल्याचे सांगतो, मग नवलूर. आई प्रत्येक वेळी "बरं" म्हणते आणि शेजारच्यांच्या लग्नाची, विहिरीच्या पाण्याची, मोडलेल्या कडीची हकिगत पुढे चालू ठेवते. अखेर तो म्हणतो, "उणकल आलं बघ, आई," कारण हुबळीच्या अलीकडे सांगण्याजोगे दुसरे स्थानक आता शिल्लक राहिलेले नाही. त्यावर आई बाकावरचा डबा उचलून मांडीवर घेते, शेजारची जागा पदराने पुसते आणि म्हणते, "उणकलला थांबत नाही रे ही गाडी." दिवे जातात आणि नाटक संपते.

ज्या प्रेक्षागृहातील निम्म्या माणसांना अळणावर ते हुबळी हा स्थानकांचा क्रम तोंडपाठ आहे, तेथे या वाक्याने काय झाले असेल ते धारवाडकर वाचकांस विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. पाहुण्यांचे म्हणणे असे पडले की, मुलगा घर सोडून का गेला, वडिलांशी त्याचे काय बिनसले, एवढी वर्षे तो कोठे होता, हे सर्व या विषयात दडलेले असून तीन अंकांच्या ऐसपैस अवकाशात ते उलगडून दाखवता येईल. माझे नम्र मत याच्या अगदी उलट आहे. ते कारण न सांगितल्यामुळेच ती आई माझ्याही ओळखीची झाली. ते सांगितले असते तर ती त्या एका घराण्याची, त्या एका भांडणाची आई झाली असती, आणि मी मायलेकांत न्यायनिवाडा करत बसलो असतो.

दीर्घ नाटकाला आपली पात्रे प्रेक्षकांच्या परिचयाची करून देण्यास सबंध पहिला अंक मिळतो, आणि त्या अंकाची पहिली काही मिनिटे खुर्च्या शोधण्यात व ओळखीच्यांना नमस्कार करण्यात गेली तरी प्रेक्षकाचे फारसे नुकसान होत नाही. एकांकिकेला ही सवड मुळातच नाही. तिचा पडदा उघडतो तेव्हा गोष्ट अर्ध्याहून अधिक घडून गेलेली असते, आणि जे घडून गेले ते पात्रांच्या उभे राहण्यातून, त्यांनी टाळलेल्या विषयांतून आपल्याला उमजावे लागते. पाऊण तासाच्या नाटकाला दहा मिनिटे उशिरा येणारा माणूस कथानकाचे मूळच बाहेर ठेवून आत येतो. तरीही आमच्याकडे शिरस्ता असा पडून गेला आहे की, एकांकिका म्हटली की केव्हाही यावे, आपल्या घरच्या मुलाचे काम झाले की उठावे, आणि पुढच्या संघाने रिकाम्या होणाऱ्या रांगांसमोर आपले पहिले वाक्य म्हणावे. शनिवारी हेच झाले. पहिली एकांकिका संपताच तिच्यातील नटांचे आप्तजन उठले, दुसरीतील मुलगी अंधारात आपल्या जागेवर येऊन उभी राहिली तरी त्यांचे उठणे आणि निरोप घेणे चालूच होते, आणि त्या मुलीने, प्रकाश आल्यावरही, गलबला शांत होईपर्यंत ओठ मिटून जे धैर्य दाखवले त्याचे श्रेय तिला कोणत्याही परीक्षकाने दिले नाही. या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे की मी तिसऱ्या रांगेत बसतो आणि शेवटचा नट आत जाईपर्यंत उठत नाही. या सवयीचा आग्रह मी इतरांस कधी केला नव्हता. आज करीत आहे.

लहान नाट्यकृती मराठीत आज उपटलेली नाही. दिवाकरांनी १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या, त्यांत एकच माणूस बोलतो आणि त्याच्यासमोरची माणसे आपल्याला न दिसता दिसतात. महेश एलकुंचवारांची 'सुलतान' ही एकांकिका १९६७ मध्ये 'सत्यकथे'त छापून आली, ती विजया मेहतांच्या नजरेस पडली, आणि 'रंगायन'ने या अपरिचित लेखकास रंगभूमी दिली. प्राजक्त देशमुखांची 'देवबाभळी' प्रथम एकांकिका होती. आवलीच्या पायात रुतलेल्या काट्यापासून निघालेली ती गोष्ट पुढे २०१७ मध्ये दोन अंकी संगीत नाटक होऊन सर्वत्र गाजली. ज्यांना विस्तार हीच एकांकिकेची सद्गती वाटते ते हे शेवटचे उदाहरण हटकून देतात. त्यांस माझे इतकेच सांगणे की आवली आणि रखुमाई या दोन स्त्रियांना एकमेकींना सांगण्यासारखे आणखी पुष्कळ होते म्हणून ते नाटक वाढले. फलाटावरील त्या मायलेकांना सांगायचे ते सांगून झाले आहे.

पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा भरवीत आली आहे, आणि मराठी रंगभूमीवरील कित्येक लेखक, दिग्दर्शक व नट त्या मांडवाखालून गेले आहेत, हे तिचे ऋण कोणीही मान्य करील. २०२२ मध्ये परीक्षकांना एकही प्रयोग त्या मानास पात्र वाटला नाही आणि करंडक कोणालाच दिला गेला नाही, तेव्हा बराच वादंग माजला. परीक्षकांचा तो अधिकार होता आणि त्यामागे कलेविषयीची कळकळही होती, हे मी मानतो. मात्र वयाच्या विशीत ज्यांनी प्रथमच काही लिहिले त्यांच्याशी समाजाचा पहिला व्यवहार गुणपत्रिकेच्या द्वारे व्हावा, आणि बहुतेकांच्या बाबतीत तोच शेवटचाही ठरावा, ही व्यवस्था मला खटकते. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी त्या संहितेविषयी कोणी चार शब्द बोलत नाही. लेखकाला निकाल कळतो. आपले नाटक कोणाला कसे ऐकू आले हे मात्र त्याला कधीच कळत नाही.

आणि हे धारवाडात घडावे याचा मला अधिक खेद होतो, कारण नव्या नाटककाराचे ऐकून घेण्याची रीत या गावाइतकी थोड्याच गावांनी जोपासली असेल. सुभाष रस्त्यावरील मनोहर ग्रंथमालेची माडी, जिला सारे गाव 'अट्टा' म्हणून ओळखते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. १९३३ मध्ये सुरू झालेल्या या ग्रंथमालेचे चालक जी. बी. जोशी स्वतः नाटककार होते आणि त्यांच्या सोबतीला कीर्तिनाथ कुर्तकोटींसारखा साक्षेपी समीक्षक होता. कर्नाटक कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडलेला, अद्याप ज्याचे एकही पुस्तक नाही असा गिरीश कर्नाड नावाचा तरुण त्यांच्या संपर्कात आला, आणि त्याचे 'ययाती' हे पहिले नाटक १९६१ मध्ये, तो ऑक्सफर्डला शिकत असताना, याच ग्रंथमालेने छापले. त्या वेळी त्याचे वय तेवीस वर्षांचे होते. प्रकाशकाने त्याला प्रथम कादंबरी लिहून नाव मिळव असे सांगितले नाही, किंवा रंगमंचावर यश मिळाल्याचा दाखला मागितला नाही.

कुर्तकोटींविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कन्नडमध्ये खऱ्या अर्थाने ऐतिहासिक नाटक नाही अशी तक्रार त्यांनी आपल्या समीक्षेत केली होती, ती वाचून आपण इतिहासाकडे वळलो असे कर्नाडांनी सांगितले आहे, आणि त्यातून १९६४ मध्ये 'तुघलक' आले. समीक्षकाची तक्रार इतक्या गंभीरपणे घेणारा लेखक दुर्मीळ, आणि लेखकाला काम देईल इतकी नेमकी तक्रार करणारा समीक्षक त्याहून दुर्मीळ. पाठीवर हात ठेवून केलेला मोघम उपदेश आणि असे नेमके असमाधान यांतील अंतर नवोदितांना तत्काळ समजते.

या गावात लहान नाटकाला कमी लेखण्याची चाल पूर्वी नव्हती. कर्नाटक कॉलेजात संस्कृत शिकवणारे श्रीरंग, म्हणजे आद्य रंगाचार्य, यांनी मोठ्या नाटकांइतक्याच आस्थेने एकांकिका लिहिल्या. साधनकेरीच्या द. रा. बेंद्रे यांनीही लिहिल्या. घरी मराठी बोलणाऱ्या या महाकवीने कन्नड काव्य सिद्ध केले आणि मराठीतही 'संवाद' लिहिला, त्यामुळे दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणारे आम्ही लोक त्यांना दोन्हीकडून आपले मानतो. खुद्द कर्नाडांनी, 'तुघलक' आणि 'हयवदन' भारतभर गाजून कित्येक वर्षे लोटल्यावर, वयाच्या पासष्टीनंतर 'ओडकलु बिंब' लिहिले, त्यात एक नटी आणि एक दूरचित्रवाणीचा पडदा यांखेरीज काही नाही. कन्नड कथालेखिका मंजुळा नायक इंग्रजीत कादंबरी लिहून जगप्रसिद्ध झाली आहे, ती स्टुडिओत भाषण करून निघते, आणि पडद्यावरील तिचीच प्रतिमा तिला थांबवून प्रश्न विचारू लागते. थोड्याच वेळात त्या कादंबरीचे, आजारी बहिणीचे आणि तिच्या कीर्तीचे सारे दप्तर उघडे पडते. त्यांना सबंध दरबार रंगमंचावर उभा करण्याचा सराव होता. त्यांनी हा छोटा अवकाश जाणून निवडला.

मराठी वाचकाने येथे एका जुन्या देण्याचेही स्मरण ठेवावे. होन्नावरजवळच्या करकी गावातील भागवत मंडळींनी १८४२ मध्ये सांगलीस येऊन खेळ केले, ते पाहून तेथील संस्थानिकांना तसेच काही मराठीत व्हावे असे वाटले, आणि पुढच्याच वर्षी विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' उभे राहिले. मराठी रंगभूमीला आरंभीची प्रेरणा या बाजूने मिळाली आहे. पुढे मुंबई इलाख्याच्या काळात मराठी नाटक मंडळ्या हुबळी-धारवाडात मुक्काम ठोकीत, आणि कुंदगोळचे रामभाऊ मराठी रंगमंचावर सवाई गंधर्व झाले. कन्नड एकांकिकांसोबत एक मराठी एकांकिका करावी असे शनिवारच्या मुलांना वाटले, त्यामागे एवढा इतिहास आहे. त्यांना तो ठाऊक असो वा नसो, माझ्या दृष्टीने त्यांनी तो पुढे चालवला.

प्रयोगानंतर मी त्या तरुण लेखकास गाठून संहिता वाचावयास मागितली. ती त्याच्या मोबाइलमध्ये होती, आणि तीही तालमी सुरू होण्यापूर्वीची. उणकलविषयीचे ते अखेरचे वाक्य तिच्यात नव्हते; आईचे काम करणाऱ्या बाई नोकरीनिमित्त रोज धारवाड-हुबळी ये-जा करतात, त्यांना ते एका तालमीत सुचले, आणि मुलाने ते ऐकताच आपला मूळचा दीड पानांचा शेवट काढून टाकला. आपल्या लेखनातील दीड पान दुसऱ्याच्या एका वाक्यासाठी सोडून देण्याची बुद्धी ज्याला या वयात आहे, त्याला नाटक समजले आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण ते वाक्य आज कोठेही लिहिलेले नाही. एकांकिका छापणारी मासिके विरळ झाली, स्पर्धा संपली की संघ पांगतात, नट नोकऱ्यांसाठी बेंगळुरूला आणि पुण्याला जातात, आणि नाटक त्यांच्या आठवणीत थोडा काळ राहून मग नाहीसे होते. मी त्याला सबंध संहिता नव्याने, स्वच्छ अक्षरात, कागदावर उतरवून काढण्यास सांगितले आहे, आणि त्या बाईंचे नाव त्या वाक्यासह समासात नोंदवण्यासही सांगितले आहे. येत्या रविवारी सायंकाळी आमच्या घरी तिचे वाचन होईल. मुलाची वाक्ये लेखक स्वतः वाचणार आहे, आईची त्या बाई. बरोबर सहाला सुरुवात होईल आणि त्यानंतर मधेच कोणाला आत घेतले जाणार नाही. वाचन झाल्यावर मात्र ज्यांना जे वाटले ते त्यांनी त्या मुलाला, हवा तेवढा वेळ घेऊन, सांगावे.