जमेची बाजू शेवटच्या बाकावरून दिसत नाही

वर्गातल्या बैठक व्यवस्थेचा विषय काढला की आपल्यातलेच काही कार्यकर्ते हसतात. शिष्यवृत्त्या थकल्यात, शाळा बंद पडतायत आणि तुम्ही बाकांचे काय घेऊन बसलात? त्यांना आमचा प्रतिप्रश्न आहे. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून गोणपाट नेऊन इतरांपासून वेगळे बसावे लागे, ते काय होते? शाळेने प्रवेश दिला होता, हजेरीपटावर नाव होते. फक्त जागा ठरवून दिली होती, आणि त्या जागेतूनच या मुलाची लायकी साऱ्या वर्गाला सांगितली जात होती.

आज गोणपाट गेले, बाक आले. आता जागा कोण ठरवतो ते वाघोलीत बघू.

पुणे-नगर रस्त्यावरचे हे गाव २०२१ मध्ये महापालिकेत गेले. त्याआधी कितीतरी वर्षे इथल्या दगडखाणींनी पुण्याच्या इमारतींना खडी पुरवली. खाणीवर वडार, मातंग, बौद्ध, आदिवासी कुटुंबे बाहेरच्या जिल्ह्यांतून, परराज्यांतून आली. त्यांच्या मुलांसाठी संतुलन संस्थेने खाणींवरच पाषाण शाळा काढल्या, ते काम मोठेच आहे. पण मुलगा दहावी पास होऊन अकरावी वाणिज्यला जातो तेव्हा पुढे काय? शिक्षण हक्क कायद्याचा हात आठवीनंतर सुटलेला असतो. तिथे सहावी ते आठवीच्या वर्गाला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे, इथे एका तुकडीत ऐंशी मुले.

आमच्याकडे संध्याकाळी अभ्यासाला येणारी मुले वेगवेगळ्या कॉलेजांतली आहेत, पण सांगतात एकच. पहिल्या बाकांवर क्लास लावलेली मुले, मागे मराठी माध्यमातून आलेली, कामावरून थेट येणारी. पुस्तपालनाच्या तासाला सर रोजकीर्द मांडतात. तारीख, तपशील, खाते पान, मग नावे रक्कम आणि अगदी उजव्या टोकाला जमा रक्कम. फळा लहान, आकडे बारीक, खिडकीचा उजेड फळ्यावर चमकतो. मागून जमेचा रकाना दिसत नाही. दोघांच्या बाकावर तिघे बसलेले, त्यामुळे खतावणीचे रुंद पान पूर्ण उघडताही येत नाही. मुलगा शेजाऱ्याचे उतरवतो. तेरीज जुळत नाही तेव्हा त्याला सांगितले जाते, तुझे गणित कच्चे आहे.

गणित कच्चे नसते हो. व्यापारी घरातल्या मुलाने खतावणी पेढीवर, दुकानात, बापाच्या मांडीवर बसून पाहिलेली असते. आपल्या पोरानेही वही पाहिलेली असते, पण दुसऱ्या बाजूने. किराणा दुकानातली उधारीची वही, मुकादमाची उचलीची वही. त्या वहीत त्याच्या आईबापाच्या 'नावे' रक्कम मांडलेली असते, आणि ती किती, व्याज कसे लागले, कितीची फेड झाली, हे वही लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते. पिढ्यानपिढ्या आपण दुसऱ्याच्या वहीतली नोंद राहिलो. वही लिहायला शिकणे ही आपल्यासाठी नुसती करिअरची बाब नाही.

काही जण म्हणतील, वाणिज्य हा शेटजींचा विषय, आंबेडकरी पोरांनी त्यात का जावे? त्यांनी बाबासाहेबांचे आयुष्य पुन्हा वाचावे. १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक होते. पुढे १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकवला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ मध्ये मुंबईत वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे स्वतंत्र सिद्धार्थ महाविद्यालय काढले. आणि जोतीराव? ते बांधकामाचे ठेकेदार होते, पुणे कमर्शिअल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत भागीदार होते. ठेकेदारीतली लाच आणि खोटे हिशेब त्यांनी आतून पाहिले होते.

मग वर्गात काय बदलता येईल? पैसे न लागणारी गोष्ट आधी. एकाआड एक बाक मागे वळवा, चार-चार मुले समोरासमोर येतात. घाऊक व्यापाऱ्याने किरकोळ दुकानदाराला ५,००० रुपयांचा माल उधारीवर विकला, हा व्यवहार त्यांना द्या. एका बाजूचे दोघे विकणारे, दुसऱ्या बाजूचे दोघे घेणारे. विकणारे लिहितील, दुकानदाराचे खाते नावे, विक्री खाते जमा. घेणारे लिहितील, खरेदी खाते नावे, व्यापाऱ्याचे खाते जमा. वह्या शेजारी ठेवल्या की एकाचे येणे ते दुसऱ्याचे देणे हे डोळ्यांना दिसते. द्विनोंदी पद्धतीचा हा गाभा आहे आणि रांगेत एकामागे एक बसवून, पुढच्याची पाठ बघत तो कळणे कठीण. गोंगाट होईल, अभ्यासक्रम मागे पडेल, असे सांगितले जाईल. रोज करू नका. आठवड्यातले उदाहरणे सोडवण्याचे दोन तास असे घ्या. आणि दर सोमवारी रांगा एकेक पुढे सरकवा, म्हणजे शेवटचा बाक कुणाच्याच नावावर राहणार नाही.

भिंतीवर डेबिट-नावे, क्रेडिट-जमा, लेजर-खतावणी, डेप्रिसिएशन-घसारा असा तक्ता लावायला एक कार्डशीट पुरते. दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावीला इंग्रजी माध्यमात गेलेली मुलगी निम्मी तिथेच अडते. तिला विषय अवघड जात नाही, नवे शब्द अवघड जातात.

काही मदत मात्र वर्गाबाहेरच करावी लागेल. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि स्वाधार या योजना अकरावीपासून लागू होतात. पण अर्ज भरायचा तर जातीचा दाखला हवा, त्यासाठी अनुसूचित जातींना १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा हवा. खाणीवर जन्मलेल्या पोराने तो कुठून आणायचा? त्याचे आजोबा कोणत्या तालुक्यात होते, तिथल्या शाळेत दाखल-खारीज नोंद मिळते का, हे शोधायला कुणीतरी सोबत गेले पाहिजे. कॉलेजचा कारकून जाणार नाही. हे काम कार्यकर्त्याचेच.

आणि आपल्या अभ्यासिका? तिथे सगळे स्पर्धा परीक्षेसाठी मांडलेले. खुराडी, फळ्या, 'शांतता राखा'. एमपीएससी करणाऱ्यांना ते हवेच. पण पुस्तपालन बोलल्याशिवाय शिकता येत नाही. विहारात संध्याकाळी एक तास चार सतरंज्या वेगळ्या टाका, बी. कॉम. झालेली एक ताई आणि अकरावीची आठ-दहा पोरे बसवा. खोटे हिशेब कशाला, खरे द्या. बचत गटाची वही, विहाराचे वीजबिल, पासबुक, आणि जयंतीची वर्गणी. मंडप, साउंड, हार, खिचडी, पावतीपुस्तके, सगळे त्यांच्या हाती सोपवा. १४ एप्रिलनंतर पंधरा दिवसांच्या आत त्यांनी जमाखर्च लिहून विहाराच्या भिंतीवर लावावा आणि समितीच्या अध्यक्षांनी त्यांच्या प्रश्नांना सर्वांसमोर उत्तरे द्यावीत.