ओट्यावरची ओळख

भोरच्या बाजारपेठेत आठवडे बाजाराच्या दिवशी खरेदीइतकीच विचारपूस चालत असे. हिर्डस मावळातून किंवा वेळवंड खोऱ्यातून आलेला शेतकरी दुकानाच्या ओट्यावर टेकला, की मीठमिरची बांधून होईपर्यंत गावाकडची खबर देई. कोणाचा भात आडवा झाला, कोणाच्या घरी लग्न ठरले, कोणाचा मुलगा मुंबईला कामाला लागला. वेल्ह्यातही हीच रीत होती. हा शेतकरी दुकानदाराचा आप्त नव्हे, स्नेहीही नव्हे. आठवड्यातून एकदा दिसणारा तोंडओळखीचा माणूस. पेठेचा बराचसा व्यवहार मात्र अशाच ओळखींवर उभा होता.

सोशल नेटवर्किंगच्या संकेतस्थळांवर माणसांना नेमके काय मिळते, हे समजून घ्यायचे तर हा ओटा आठवावा. 'मैत्री' हे नेहमीचे उत्तर फारसे खरे नाही. जिवलगाशी बोलायला साधा फोन पुरतो. मिळते ती दूरच्या ओळखीची खबर. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा याविषयीचा निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील न्यूटन या गावी ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले, की खबर देणारा माणूस तुम्हांला कितीदा भेटत असे? 'वारंवार' म्हणणारे जेमतेम १७ टक्के निघाले. कारण उघड आहे. घरच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते; नवी बातमी बाहेरूनच येते. पुढे लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरील प्रयोगांचा निष्कर्ष २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. त्यात एक दुरुस्ती होती: अगदी पुसट ओळखही फारशी कामाची नसते, मध्यम विरळ ओळख सर्वांत उपयोगी ठरते. म्हणजे तो ओट्यावरचा माणूसच!

भोर-वेल्ह्यातील कितीतरी कुटुंबे पोटासाठी पुण्या-मुंबईला गेली. पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर या धरणांसाठी गावे उठली. ओट्यावर टेकणारा माणूस आज धायरीत किंवा कात्रजला राहतो आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटात पुन्हा भेटतो. जत्रेची वर्गणी, रुग्णासाठी रक्त, मुलीसाठी स्थळ, नव्या इंद्रायणी तांदळाची मागणी हे सारे तेथे जुळते. हा लाभ लहान मानू नये.

ओट्यावर मात्र आणखी एक गोष्ट मिळे. माणूस समोर बसलेला असे. त्याचा आवाज, मागची बाकी निघाल्यावर पडलेला किंवा न पडलेला चेहरा, सोबतच्या गावकऱ्यांनी त्याच्याविषयी धरलेले मौन, यांवरून उधारी किती द्यायची हे दुकानदार ठरवी. गटात छायाचित्र दिसते, पत दिसत नाही. तेथल्या ओळखीवर माल पाठवणाऱ्या तरुण व्यापाऱ्याने पहिला व्यवहार रोखीनेच करावा, मग समोरचा कितीही 'दादा, दादा' म्हणो.

आता नावे बाजू. २०१८ मध्ये अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांचा रोज सरासरी ६० मिनिटे वेळ वाचला. त्यातला काही आप्तेष्टांच्या सहवासात गेला, काही दूरदर्शनसमोरही गेला. बातम्यांचे ज्ञान घटले, राजकीय कडवेपणा घटला, समाधान किंचित वाढले. मुदत संपल्यावरही त्यांचा वापर पूर्वीपेक्षा कमीच राहिला.

रोजचा १ तास म्हणजे वर्षाचे ३६५ तास. दिवसाला १० तास दुकान उघडे धरले, तर ही ३६ दिवसांची पेढी झाली. इतके दिवस दुकानाला टाळे लावणारा व्यापारी भोरच्या पेठेत सापडणार नाही.

खबरीसाठी हे साधन चांगले, पण काही कामे त्याच्यावर सोपवली की होतच नाहीत. संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्'चे एकच चित्र दोनशे जणांना एका स्पर्शात जाते. ज्याच्याशी वर्षभर हिशोबावरून बोलणे बंद आहे, त्याच्या दुकानाची पायरी पूर्वी त्या दिवशी चढावी लागे. आता त्यालाही तेच चित्र पोहोचते, दोन निळ्या खुणा उमटतात, आणि वादाची बाकी तशीच पुढच्या वर्षाच्या वहीत ओढली जाते.