नवऱ्याच्या सहीवरचा मुक्काम

लग्न करून परदेशी गेलेल्या बाईला तिथे राहायचा हक्क कुणामुळे मिळतो? तिच्या स्वतःमुळे, की तिच्या नवऱ्यामुळे? आपल्याकडे मुलीला निरोप देताना ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणतात. घर दिलं गेलं, पण त्या घरात राहायचं की नाही हे दरवर्षी कुणीतरी दुसऱ्यानं ठरवायचं असेल, तर ते घर तिचं म्हणायचं का? थायलंडमधल्या परदेशी जोडीदारांच्या व्हिसाचे नियम वाचताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. वरवर पाहता तो कागदपत्रांचा विषय. आत शिरलं की मात्र तो कुटुंबात पोसतो कोण आणि पोसलं जातं कोण, या आपल्या जुन्याच वादापाशी येतो.

आधी व्यवस्था समजून घेऊ. थाई नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला सहसा ‘नॉन-इमिग्रंट ओ’ हा व्हिसा मिळतो. त्यावर पहिल्यांदा 90 दिवस राहता येतं. मग इमिग्रेशन कार्यालयात जाऊन एका वर्षाची मुदतवाढ घ्यायची, आणि पुढे दरवर्षी तेच. दरवेळी 1,900 बाथ शुल्क, विवाहनोंदणीचा ताजा उतारा, घराचा नकाशा, दोघांचे घरातले आणि घराबाहेरचे फोटो. कधी साक्षीला शेजारी लागतात, कधी अधिकारी घरी येऊन पाहून जातात. शिवाय दर 90 दिवसांनी आपला पत्ता कळवायचा. परवाना न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं तर मिळालेली मुदत रद्द होते. या व्हिसावर नोकरी करता येते, पण त्यासाठी कामाचा परवाना वेगळा काढावा लागतो.

या सगळ्या कागदांत सर्वांत वजनदार कागद कुठला? थाई जोडीदाराच्या ओळखपत्राची आणि घरनोंदणी पुस्तिकेची सही केलेली प्रत. त्या जोडीदारानं अर्जाच्या वेळी स्वतः बरोबर यावं लागतं. नातं कायद्यानं टिकून असणं पुरेसं नाही, ते प्रत्यक्षातही टिकून असलं पाहिजे अशी नियमाची अट आहे. म्हणजे लाओस, म्यानमार, फिलिपीन्स किंवा भारतातून आलेली एखादी बाई थाई नवऱ्याच्या घरात दहा वर्षं राबली, मुलं वाढवली, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं काढलं, तरी अकराव्या वर्षी नवरा म्हणाला, ‘मी येत नाही तुझ्याबरोबर कार्यालयात’, की तिचा मुक्काम संपला. नवऱ्याला हात उगारायचीही गरज नाही. घरात बसून राहिलं तरी पुरे.

आता पैशाची अट पाहा. 2014 च्या पोलीस आदेशाप्रमाणे थाई स्त्रीशी लग्न केलेल्या परदेशी पुरुषाला दरमहा सरासरी 40,000 बाथ उत्पन्न दाखवावं लागतं, किंवा थायलंडमधल्या बँकेत 4,00,000 बाथ दोन महिने आधीपासून ठेवावे लागतात. थाई पुरुषाशी लग्न केलेल्या परदेशी स्त्रीला ही अट नाही.

ऐकल्यावर वाटतं, वा, बायकांना सवलत! पण ही सवलत कुठून आली ते पाहा. परदेशी बाईकडे पैसे आहेत का हे सरकार विचारत नाही, कारण तिला नवरा पोसणार हे गृहीत धरलेलं आहे. आणि थाई बाई परदेशी नवऱ्याला पोसू शकेल, ही शक्यता त्या नियमाच्या डोक्यातच येत नाही. बँकॉकमधली एखादी डॉक्टर, बाजारात दोन गाळे चालवणारी एखादी व्यापारीण महिन्याला लाख बाथ मिळवत असेल. तिच्या नवऱ्याच्या मुक्कामासाठी तिची कमाई धरली जात नाही. त्याचेच पैसे मोजले जातात. एकाच नियमात दोन बायकांचा अपमान आहे. एकीला आश्रित ठरवलं आहे, दुसरीची मिळकत शून्य धरली आहे.

नागरिकत्वाच्या कायद्यातही हेच दिसतं. 1965 च्या थाई राष्ट्रीयत्व कायद्यानुसार थाई पुरुषाची परदेशी बायको लग्नाच्या आधारे नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते. थाई स्त्रीच्या परदेशी नवऱ्याला मात्र नागरिकीकरणाच्या लांब वाटेनं जावं लागतं. 2008 च्या दुरुस्तीनं त्याच्या काही अटी सैल झाल्या, तरी वाट वेगळीच राहिली. यामागचा विचार आपल्याला परका नाही. लग्न झालं की बाईचं गोत्र बदलतं, आडनाव बदलतं, तसंच तिचं राष्ट्रही बदलतं. पुरुष मात्र जिथला तिथलाच.

थाई स्त्रियांनी याची किंमत बराच काळ मोजली आहे. इसानमधल्या, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागातल्या, उदोन थानी, खोन केन अशा जिल्ह्यांतून युरोपियन, अमेरिकन पुरुषांशी लग्न केलेल्या पुष्कळ बायका आहेत. परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन घेता येत नाही. 1999 पूर्वी परदेशी नवरा असलेल्या थाई बाईलाही जमीन विकत घेण्यापासून रोखलं जाई. 1999 मध्ये गृहमंत्रालयानं वाट मोकळी केली, पण अट घातली की खरेदीचे पैसे बायकोचे स्वतःचे आहेत, आपला त्यावर हक्क नाही, असं दोघांनी लिहून द्यायचं. त्याआधी अनेकींनी जमिनीच्या भीतीनं लग्न नोंदवलंच नाही. नोंदणी नाही म्हणजे नवऱ्याला या आधारावर व्हिसा नाही, आणि बायकोला वारसाहक्क नाही. बाईनं जमीन राखावी की नातं, असा पेच कायद्यानंच उभा केला होता.

मुलांचंही तसंच. 1992 च्या दुरुस्तीनंतरच थाई आईला बापाच्या बरोबरीनं आपलं राष्ट्रीयत्व मुलाला देता आलं. आपण हसायचं कारण नाही. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय आईच्या नात्यानं नागरिकत्व देणारी आपली दुरुस्तीही 1992 चीच. त्याआधी बाप भारतीय असला तरच मूल भारतीय.

म्हणजे बदल होतात, आणि ते आपोआप होत नाहीत. बायकोनं नवऱ्याचंच आडनाव लावलं पाहिजे ही सक्ती थाई घटनात्मक न्यायालयानं 2003 मध्ये घटनाबाह्य ठरवली. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा 2007 मध्ये आला. 23 जानेवारी 2025 पासून समलिंगी जोडप्यांनाही लग्न नोंदवता येऊ लागलं, आणि दिवाणी कायद्यातल्या विवाहाच्या प्रकरणात ‘नवरा-बायको’च्या जागी ‘जोडीदार’ आला. मग प्रश्न असा, की लग्नात दोघं सारखे जोडीदार असतील, तर मुक्कामाच्या नियमात पोसणारा कोण हे लिंगावरून का ठरावं? दोन बायकांच्या लग्नात बँकेतले चार लाख कुणी दाखवायचे?

लग्न मोडतं तेव्हा या व्यवस्थेचं खरं रूप कळतं. घटस्फोट झाला की मुदतवाढीचा पायाच जातो. नवरा वारला तर विधवेला बायको म्हणून पुढचं वर्ष मिळत नाही. मूल थाई नागरिक असेल तर पालक म्हणून राहायची वेगळी वाट आहे, तिच्या अटी वेगळ्या. पन्नाशी उलटली असेल आणि बँकेत 8,00,000 बाथ असतील तर निवृत्त म्हणून राहता येतं. कायम वास्तव्याचा परवाना आहे, पण एका देशाच्या वर्षाला फक्त 100 जणांना. मूलबाळ नसलेल्या, पैसा नसलेल्या, मार खाणाऱ्या बाईच्या हाती यातलं काय उरतं? पोलिसांकडे तक्रार करावी तर संसार मोडेल, आणि संसार मोडला तर देश सोडावा लागेल. अशा बाईला हिंसाचाराविरुद्धचा कायदा असून नसल्यासारखा.

याच देशानं 2003 मध्ये पैसे भरून दीर्घकाळ राहण्याचं ‘एलिट कार्ड’ काढलं. 2022 मध्ये श्रीमंत, सधन निवृत्त आणि उच्चशिक्षित परदेशीयांसाठी दहा वर्षांचा व्हिसा आणला, त्यात 90 दिवसांऐवजी वर्षातून एकदाच पत्ता कळवायचा. गुंतवणूक करणाऱ्यावर दहा वर्षांचा विश्वास, घर चालवणारीवर एका वर्षाचा. घरकामाची किंमत शून्य असं आपण इतकी वर्षं म्हणत आलो, ते इथे शिक्क्यानिशी लिहिलेलं आहे.

कुणी म्हणेल, खोटी लग्नं करून लोक घुसतात, सरकारनं तपासायला नको? जरूर तपासावं. लग्न खरं आहे का हे सुरुवातीला पाहावं. पण दहा वर्षांच्या संसाराला दरवर्षी नव्यानं साक्षीदार मागण्यानं खोटी लग्नं थांबत नाहीत. खऱ्या लग्नातल्या दुबळ्या बाजूचा गळा मात्र आवळला जातो.

आणि हे दूरच्या देशाचं दुखणं नाही. पुण्या-नाशिकच्या किती मुली एच-4 व्हिसावर अमेरिकेला गेल्या! इंजिनियर, डॉक्टर असूनही नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेल्या. 2015 पासून त्यांतल्या काहींना काम करायची मुभा मिळाली, तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्याला पोचली असेल तर. आपला देशही वेगळा नाही. 2015 च्या दुरुस्तीनं भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला दोन वर्षांच्या संसारानंतर ओसीआय कार्ड मिळू लागलं, पण लग्न कायद्यानं मोडलं तर ते रद्द करता येतं.

लढून काय मिळतं याचं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. लग्नानंतर वर्षभराच्या आत नवऱ्याला सोडलं तर देशाबाहेर, असा नियम तिथे होता. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या आशियाई आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेनं त्याविरुद्ध वर्षानुवर्षं मोहीम चालवली. 1999 मध्ये सरकारला मार खाणाऱ्या बायकांसाठी सवलत द्यावी लागली आणि 2002 मध्ये ती नियमांत आली. अमेरिकेत 1994 च्या कायद्यानं नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या छळ झालेल्या जोडीदाराला स्वतःच्या नावानं अर्ज करायचा हक्क दिला. एच-4 वरच्या आपल्या मुली मात्र त्यात बसत नाहीत.

म्हणून मागण्या साध्या आहेत, आणि त्या बँकॉकला, वॉशिंग्टनला, दिल्लीला सारख्याच लागू आहेत. ठरावीक वर्षांच्या संसारानंतर राहायचा हक्क जोडीदाराच्या स्वतःच्या नावानं मिळावा. हिंसाचार, परित्याग किंवा वैधव्य आलं तर त्या कारणानं तिला देश सोडावा लागू नये. उत्पन्न मोजायचंच असेल तर घराचं मोजा, नवऱ्याचं नको.

तोवर परदेशी लग्न करून निघालेल्या प्रत्येक मैत्रिणीला आपण दागिन्यांआधी दोन गोष्टी सांगू या. लग्न नोंदव, आणि पासपोर्ट आपल्याजवळ ठेव. राहायचा हक्क मात्र एकेकटीला मिळणारा नाही. तो सगळ्यांनी मिळूनच मागायला हवा.