आभाळाची गोधडी

परवा वस्तीत बसलो असताना एका आजीने विचारले, "भाऊ, आभाळ आलं की दिवसा गार वाटतं. मग रात्री पत्र्याखाली जीव का कासावीस होतो?" प्रश्न साधा आहे, पण याच प्रश्नापायी जगभरचे शास्त्रज्ञ डोके खपवीत आहेत.

ढग दोन कामे करतो. दिवसा उन्हाला आडवा येऊन ते परत फिरवितो. रात्री तापलेल्या जमिनीची ऊब वर निसटू देत नाही, गोधडी पांघरल्यासारखे होते. खालचे जाड ढग मुख्यतः सावलीचे. फार उंचावरचे, पिंजलेल्या कापसासारखे पातळ ढग गोधडीचे. पृथ्वी तापते तसे समुद्रावरचे खालचे ढग विरळ होतात आणि उंचावरचे आणखी वर सरकतात. म्हणजे सावली घटली, गोधडी वाढली! ढग एकूण तापमानवाढीत भरच घालतात, असा निर्वाळा संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने २०२१ च्या अहवालात दिला.

शिवाय हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावते. मग पाऊस पडतो तेव्हा नुसता ओततो. आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम भागात पुरात अडकलेली माणसे हेलिकॉप्टरने काढावी लागली.

"सरकार विमानाने पाऊस का पाडत नाही?" असेही लोक विचारतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१८ व २०१९ मध्ये सोलापूर भागात असे प्रयोग केले. योग्य ढगांत फवारणी केल्यावर सरासरी सुमारे १८ टक्के पाऊस वाढल्याचे आढळले. पण आभाळात ढगच नसेल तर विमान काय करणार?

आजीला हे सारे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पुरात सोयाबीन गेलं, त्याचा पंचनामा झाला. माझा पंधरा दिवसांचा रोज बुडाला, त्याचा कोण करणार?"

मी कारकून माणूस, रकाने भरण्यात जन्म चालला आहे. पंचनाम्यात पिकाचा रकाना असतो, घराचा असतो, जनावराचाही असतो. बुडालेल्या मजुरीचा नसतो. पुढच्या ग्रामसभेत त्याचा ठराव मांडायचा असेल त्यांनी माझ्याकडे यावे, मसुदा लिहून देईन.