थ्रेड : दुपारचा अर्धा तास कोणाचा?

१/ करवीर तालुक्यातील उचगावाला लागूनच गांधीनगरची कापडपेठ आहे. लग्नसराईत बस्ता बांधायला आलेल्या कुटुंबांपुढे तिथला सेल्समन साडीमागून साडी उलगडत राहतो. त्याने दुपारी किती वेळ थांबावे, हा प्रश्न किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे एकशे चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि तो सध्या उलट्या दिशेने चालला आहे.

२/ ही पेठ विस्थापितांनी उभी केली. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. फाळणीनंतर त्याच परिसरात सिंधी निर्वासित आले, गांधीनगर वसले आणि घाऊक व्यापार फोफावला. हे कर्तृत्व निर्विवाद आहे. मात्र या यशोगाथेत मालकाचे कष्ट नोंदले जातात. गठ्ठे वाहणारा आणि ठाणे उलगडणारा नोकर तिच्यात सापडत नाही.

३/ त्या नोकराच्या विश्रांतीविरुद्ध दोन युक्तिवाद हमखास केले जातात. पहिला : ‘दुकानदारीत घड्याळ चालत नाही, नोकर हा घरचाच माणूस.’ घरचा माणूस दुपारी जेवून घटकाभर आडवा होतो आणि कोणी त्याची हजेरी कापत नाही. नोकराला मात्र घरपणाचे कष्ट तेवढे लागू होतात, सवलती होत नाहीत.

४/ दुसरा युक्तिवाद : ‘विश्रांतीचा हक्क ही परकी कल्पना.’ शेतावरच्या दिवसात न्याहरी होती, औत सोडून बांधावर भाकरी खाण्याची वेळ होती. बेंदराला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत आणि त्याआधी त्याची खांदेमळणी होते. ज्या मुलखात बैलाच्या खांद्याची एवढी चिंता वाहिली जाते, तिथे दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पायांची चौकशी परकी कशी ठरते?

५/ या हक्काची लेखी मागणीही इथल्याच माणसाने केली. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक. त्याआधी ते मुंबईच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते. गिरणीच्या कोठारातला हिशेब आणि कामगाराच्या अंगावरचा थकवा, दोन्ही त्यांनी जवळून पाहिले होते.

६/ सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातल्या मागण्या अशा : दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेतन वेळेवर आणि अपघात झाल्यास भरपाई. आज वादाचा विषय झालेला अर्धा तास तो हाच.

७/ रविवारची मागणी करताना लोखंड्यांनी ख्रिस्ती परंपरेकडे बोट दाखवले नाही. रविवार हा खंडोबाचा वार, असे त्यांनी सांगितले. कोल्हापूरकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. जोतिबाचा वारही तोच आणि माघातले खेटेही रविवारीच घातले जातात. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी ही सुट्टी मान्य केली.

८/ १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास, दोन्ही नोंदवले. पण तो कायदा कारखान्यांपुरता होता. गिरणीला भोंगा होता, हजारोंचा जमाव होता. दुकानात दोन-चार नोकर आणि गल्ल्यावर मालक. तिथली दुपार मोजायला कोणी गेले नाही.

९/ दुकान-नोकरांसाठी मुंबई प्रांतात कायदा झाला तो १९३९ साली. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते. प्रांताचा कायदा इथे चालत नव्हता. पुढे १९४८ चा अधिक व्यापक कायदा आला आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. तरीही हा कायदा आरंभी अनुसूचीत नमूद केलेल्या ठिकाणांपुरताच होता. खेड्यापाड्यांना तो आपोआप लागू झाला नाही.

१०/ १९४८ चा नियम मात्र सुस्पष्ट होता. सलग पाच तासांहून अधिक काम नाही आणि त्यानंतर किमान एक तास विश्रांती. दुकानात एकच नोकर असला, तरी तो या संरक्षणात येत असे.

११/ २०१७ च्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवण्याची मुभा दिली. एका तासाचा अर्धा तास झाला. शिवाय या तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरत्या उरल्या. चार नोकरांच्या दुकानाने केवळ व्यवसायाची माहिती कळवायची.

१२/ सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुढचे बदल मंजूर केले. दैनंदिन कामाची मर्यादा नऊवरून दहा तास, विश्रांती पाचऐवजी सहा तासांनंतर आणि कायद्याचा उंबरठा दहावरून वीस कामगारांवर.

१३/ सारे एका ओळीत ठेवून पाहावे. १८८४ : अर्धा तास मागितला. १९४८ : एक तास मिळाला. २०१७ : पुन्हा अर्धा. २०२५ : तो अर्धाही तासभर लांबला आणि बहुसंख्य छोट्या दुकानांच्या दारातून बाहेर गेला. याला ‘सुलभीकरण’ म्हणतात. कोणाचे सुलभ झाले, हे विचारणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

१४/ प्रश्न जेवणाचा आहे तसा बसण्याचाही आहे. ब्रिटनने १८९९ साली दर तीन महिला विक्रेत्यांमागे एक आसन ठेवणे बंधनकारक केले. केरळात कोझिकोडच्या कापडदुकानांतील स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ साली तिथला कायदा बदलला. २०२१ मध्ये तमिळनाडूने तेच केले. महाराष्ट्राला हे अवघड का जावे?

१५/ छोट्या दुकानदाराची अडचण खोटी नाही. नफा थोडा, ऑनलाइन विक्रीची स्पर्धा, दुपारीच येणारे गिऱ्हाईक आणि मालक स्वतःही दिवसभर उभा. पण मालक स्वतःच्या धंद्यासाठी उभा असतो आणि थकल्यावर त्याला कोणाची परवानगी लागत नाही. चार नोकरांनी आळीपाळीने जेवण्यासाठी दुकान बंद करावे लागत नाही. ठरलेली पाळी भिंतीवर लिहावी लागते.

१६/ २००५ साली टपाल खात्याने लोखंड्यांचे तिकीट काढले. त्यांचा गौरव करणाऱ्या समाजाने त्यांचे निवेदनही वाचावे. आजच्या मागण्या त्यातूनच निघतात : कामगारसंख्येचा उंबरठा काढावा, एक तासाची विश्रांती परत आणावी, प्रत्येक दुकानात नोकरांसाठी आसन असावे. आणि उचगावच्या वाटेने बस्त्याला जाणाऱ्यांनी, ‘आमचा माणूस जेवतोय’ असे मालकाने सांगितल्यावर, तेवढा वेळ थांबावे.