मिठाचं खातं

ईटला आमच्या घरी ताटात आधी मीठ वाढायचं, मग बाकीचं. परवा गावी गेलो. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, वर तळलेला पापड. भरपेट जेवलो आणि रात्री तीनदा पाणी प्यायला उठलो. साठी उलटून रक्तदाबाची गोळी सुरू झालेल्या माणसाला अशा रात्री झोप येत नाही, विचार येतात.

माझा जन्म बँकेत गेला, त्यामुळे मूत्रपिंडं मला कॅशियरसारखी दिसतात. दिवसभरात ही जोडी रक्तातून सुमारे १८० लिटर पाणी गाळते. त्यासोबत जवळजवळ दीड किलो मीठही गाळलं जातं आणि त्यातलं ९९ टक्क्यांहून अधिक परत रक्तात जमा होतं. खर्ची पडतं ते साधारण आपण खाल्लं तेवढंच.

पण खारट जेवणानंतर लगेच मीठ जात नाही, आधी पाणी येतं. रक्तातलं सोडियम जरा चढलं की मेंदू तहान लावतो आणि मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगतो. रक्ताचं आकारमान वाढतं. मग मीठ राखणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक कमी होतं आणि जास्तीचं मीठ लघवीवाटे जाऊ लागतं. हिशेब जुळायला एखाद-दोन दिवस, कधी अधिकही लागतात. मूत्रपिंडं थकलेली असली, तर तेवढंच मीठ बाहेर टाकायला रक्तदाब चढावा लागतो, आणि तोच दाब त्यांच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडवतो. कर्ज फेडायला नवं कर्ज काढावं, तसला हा प्रकार!

आमचे आजोबा दिवसभर उन्हात ज्वारी काढत. त्यांच्या सदऱ्यावर घामाचं मीठ पांढरं उमटे. आम्ही खुर्चीत बसणारे. हात मात्र त्यांच्याच सवयीने मिठाकडे जातो. वर 'गोळी घेतो ना!' ही पळवाट आहेच.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे लहान चमचाभर. पाकिटावर मात्र छापतात सोडियम, तेही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. हा गुणाकार घरातल्या बाईने दुकानात उभं राहून करायचा का? सरळ 'मीठ इतके ग्रॅम' असं ठळक मराठीत छापायला काय हरकत आहे?

निघताना पुतण्याच्या दुकानात फरसाणाची पाकिटं उलटी करून वाचत बसलो. तो म्हणाला, "काका, घ्यायचं तर घ्या, ऑडिट कशाला करताय?"

दोन परत ठेवली. एक घेतलं.